लांबी भरण्याआधी चौकट ठोकून बघा

आमच्या कुत्र्याने, शेरूने, बेडरूमचं दार खालून हातभर ओरबाडून काढलं होतं. घरात कुणी नसलं की तो त्याच दारापाशी जायचा आणि माती उकरावी तसा दोन्ही पंजांनी सुटायचा. आधी रंग गेला, मग प्राइमर, आणि शेवटी लाकडाचे तंतू उसवल्यासारखे वर आले. आल्यागेल्याची नजर पहिली तिथंच जायची. घरातले सगळे शेरूवर चिडायचे, मीसुद्धा.

शेवटी सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी दाराकडे जेमतेम पाहिलं आणि पटाशीच्या मुठीने चौकट खालून वर ठोकत गेले. खाली भद्द आवाज, वीतभर वर गेल्यावर टणक. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, तर ते जोर न लावता आत गेलं. म्हणाले, "ताई, कुत्र्याचं काम दोन दिवसांत होईल. चौकटीला वाळवी लागलीय, ते आधी बघा." रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत होता. आत लाकडाच्या जागी चिखल आणि कागदासारखे पातळ पडदे उरले होते.

म्हणून हे लिहितेय. ओरखडे दिसतात, त्यामुळे आपण लगेच लांबी, म्हणजे भेगा-खड्डे बुजवायची पुट्टी, आणि रंग घेऊन बसतो. कीड दिसत नाही, म्हणून तिच्यावरूनही तीच लांबी फिरवतो. माझ्या मते ही चूक आहे, आणि रंगकाम करणाऱ्या प्रत्येकाने ब्रश हातात घेण्याआधी चौकट ठोकून पाहिली पाहिजे.

वाळवी लाकडाच्या रेषांच्या दिशेने मऊ थर खात जाते आणि कडक थर व वरचा रंग सोडून देते. वरून काही कळत नाही ते त्यामुळेच. जमिनीतून येणाऱ्या वाळवीला ओल लागते, म्हणून ती भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या बांधत येते. अशी नळी दिसली तर मध्ये थोडीशी मोडून ठेवा. काही दिवसांत ती पुन्हा बुजली, तर वाळवी चालू आहे. नाही बुजली तरी निर्धास्त होऊ नका, ती दुसरी वाट धरू शकते. कोरड्या लाकडात राहणारी वाळवी वेगळी. ती मातीच्या नळ्या बांधत नाही, तिची विष्ठा चौकटीखाली जाड वाळूसारखी साचते आणि भिंगातून पाहिलं तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसतात.

पिठासारखा भुगा आणि एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली, तर ते लाकूड पोखरणारे भुंगेरे. इथं बहुतेकांची फसगत होते. ती भोकं किडा आत शिरल्याची नसतात, तयार झालेला भुंगेरा बाहेर पडल्याची असतात. अळीने त्याआधी कित्येक महिने, कधी कधी वर्षंही आत काढलेली असतात. जुनी भोकं मेणाने बुजवा आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहा. नंतर नवं भोक पडलं, तर कीड अजून जिवंत आहे.

फवारा मारून समोरचे किडे मरतात, जमिनीतलं वारूळ तसंच राहतं. त्यामुळे वाळवीसाठी जाणकार माणूस बोलवा, आणि त्याच वेळी गळका नळ, भिंतीतली ओल शोधा. बोरेटचं, म्हणजे बोरॉनच्या क्षाराचं, कीडनाशक औषध लाकडात मुरतं, पण लाकूड उघडं असेल तरच. रंगावरून लावलं तर वरच्या वर राहतं. ते पूर्ण सुकेपर्यंत मुलं आणि प्राणी लांब ठेवा.

आमच्या चौकटीचा पोकळ भाग काकांनी टणक लाकूड लागेपर्यंत कापून काढला. काप तिरका घेतला, म्हणजे नव्या तुकड्याला सरस धरायला जास्त जागा मिळते. नवा तुकडा रेषा जुळवून बसवला. जिथं बिजागरीचे स्क्रू येतात, तिथं नुसती लांबी भरून भागत नाही, दार लोंबतं. तुकड्याच्या खालच्या कापलेल्या टोकाला आधी प्राइमर पाजला, कारण लाकूड टोकाकडूनच सगळ्यात जास्त पाणी ओढतं. फरशीपासून थोडी फट ठेवली, म्हणजे फरशी पुसताना ओल वर चढत नाही. इतक्या छोट्या गोष्टीसाठी काका थांबून विचार करत होते, ते मला फार आवडलं.

शेरूच्या दाराचं काम खरंच सोपं होतं. लाळ आणि मळ धुऊन दार पूर्ण सुकू दिलं, उभे राहिलेले तंतू धारदार पात्याने कापले, मग 80, 120 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. खोल चरांत दोन भाग मिसळून करायची इपॉक्सी पुट्टी पातळ थरांत भरली, किंचित वर ठेवून, कारण घासल्यावर ती सपाट होते. साधी लांबी सुकताना आकसते आणि नखांनी परत निघते. दाराला व्हीनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा थर, असेल तर जाड पेपर लावूच नका, तो इतका पातळ असतो की दोन हातांत आरपार जाल. रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका.

पण शेरू दार का ओरबाडत होता? एकटं राहिल्यावर घाबरत होता म्हणून. परत आल्यावर रागावलं, तर कुत्र्याला मघाच्या ओरखड्यांशी त्याचा संबंध लावता येत नाही, भीती तेवढी वाढते. आम्ही आधी पाच मिनिटं, मग दहा, असं बाहेर जाण्याची सवय लावली आणि पशुवैद्यांचा सल्ला घेतला. मांजराचं कारण वेगळं असतं. नखांवरचं जुनं आवरण काढायला आणि पंजातला वास ठेवायला ते ओरखडतंच. त्याला चौकटीशेजारीच न हलणारा, अंग पूर्ण ताणता येईल एवढा उंच खांब द्या. मारून ते थांबत नाही, आणि कुणी मारतं हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं.

आता दाराच्या खालच्या भागाला हातभर उंच पत्रा लावलाय. त्यावर शेरूची नखं अधूनमधून वाजतात, पण फार कमी. चौकटीचा सांधा रंगाखाली दिसत नाही, बोट फिरवलं की कळतो. दर महिन्याला मी तिथं खाली बसते आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघते. अजून तरी आवाज टणक आहे.