गर्दी आली म्हणून विसावा रद्द होतो का?

सप्रेम सलाम, बंधू. "रुग्ण दारात उभे असताना सेवकाने, म्हणजे चर्चच्या पाळकाने, विसावा घ्यायचा ही चैन झाली, मार्कच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात प्रभू येशूनेच गर्दी पाहून विसावा सोडला," असं तुम्ही लिहिलंत. गर्दीचं खरं आहे. शिष्यांना घेऊन विसाव्यासाठी निघालेल्या येशूचं तारू (होडी) किनाऱ्याला लागलं तेव्हा लोक पायी येऊन आधीच थांबले होते, आणि त्याला त्यांचा कळवळा आला. पण त्याने पाच हजारांना जेवू घातलं, तुम्ही तिथेच थांबलात. ४५ आणि ४६ वं वचन बघा: शिष्यांना पुढे धाडलं, लोकांना निरोप दिला, आणि तो प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. दुपारी हुकलेला एकांत त्याने संध्याकाळी घेतलाच. (शिष्यांच्या वाट्याला मात्र वल्ही आली, हेही मान्य.)

जुन्या करारातल्या '१ राजे' पुस्तकाचा १९ वा अध्याय तर याहून रोखठोक आहे. मरण मागणाऱ्या एलिया संदेष्ट्याला देवदूत एका शब्दाने उपदेश करत नाही. झोप, निखाऱ्यावरची भाकर, पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. कामं सांगितली ती नंतर, होरेब डोंगरावर, आणि त्यातलं एक काम म्हणजे अलीशाला आपल्या जागी नेमणं.

नेमकी हीच नेमणूक आपल्या मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) राहून जाते. रविवार कामाचा, म्हणून पाळक सोमवार मोकळा ठेवतात. पण फोन खिशातच. फोन मंडळीतल्या एका वडिलांकडे (जबाबदार ज्येष्ठ सभासदाकडे) द्यावा आणि काय कळवायचं ते आधी ठरवावं. मयत किंवा अत्यवस्थ रुग्ण असेल तर लगेच निरोप. बाप्तिस्म्याचा दाखला, हॉलचं बुकिंग, कमिटीतली कुरबूर मंगळवारी.

एकांताला बसल्यावर पहिला तास बहुतेकांना डुलकी लागते. लागू द्यावी, एलियालाही लागली होती. मग आठ-दहा वचनांचा एकच शास्त्रभाग सावकाश दोन-तीनदा वाचावा. वही मात्र घेऊ नये. टिपण सुरू झालं की अर्ध्या तासात त्याचे तीन मुद्दे पडतात आणि रविवारचा संदेश तयार होतो. विसावा तिथेच संपला. चार व्याख्यानं आणि गायनाचा सराव असलेल्या 'एकांत शिबिरां'चंही तेच.

हा दिवस घरी काढू नये, याचं कारण निराळं आहे. पाळक घरी आहेत म्हटल्यावर माणसं येतात, आणि चहाची आधणं पाळकीणबाई ठेवत बसतात. सेवा त्याही करतात. त्यांचा दिवस वेगळा ठरवावा, आणि त्या दिवशीचा डबा मंडळीतल्या दुसऱ्या घरून यावा.