बेरीज करून दोनने भागलं की झालं बीपी?

ठाण्यात उपवन तलावावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय, खरं बीपी म्हणजे वरच्या-खालच्या आकड्यांची सरासरी. बेरीज करा, दोनने भागा, शंभर किंवा कमी आलं तर गोळीची गरज नाही. शिवाय छातीतल्या मोठ्या धमनीतलं प्रेशर दंडापर्यंत येता येता निम्मं होतं, म्हणून दंडावरचं मशीन फसवं. आमच्या मजल्यावरच्या काकांनी लगेच हिशेब मांडला: १४८ अधिक ५२, भागिले दोन, बरोब्बर शंभर. "सिस्टर, गोळी सोडली," असं मला लिफ्टमध्ये सांगून मोकळे. आयसीयूत उभा जन्म काढलेल्या बाईला ही लिफ्टमध्ये सांगायची गोष्ट?

आधी ते दोनने भागणं. वरचा आकडा ठोक्याच्या ऐन भरातला, क्षणभराचा. नाडी सत्तरच्या आसपास असताना ठोक्यातला साधारण एक तृतीयांश वेळ हृदय आकुंचन पावतं, उरलेले दोन तृतीयांश सैल पडून भरतं. दाब जास्त वेळ खालच्या आकड्याकडे असतो. घोडबंदर रोडवर वीस मिनिटं ताशी १० किलोमीटरने रखडलात आणि पुढची दहा मिनिटं ५० ने सुटलात, तर सरासरी वेग ३० म्हणाल का? तो २३ च येतो. म्हणून खालच्या आकड्यात फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. १२०/८० ला ९३. काकांना ८४.

हाही अंदाजच, कबूल. नाडी ११० वर गेली की सैल पडण्याचा वेळ कापला जातो आणि हे उत्तर कमी पडतं. जिने चढून आल्या आल्या मोजलंत तर मेसेजचं गणित चुकून जवळपास येईलही.

'शंभरच्या आत म्हणजे ठीक' हे मात्र मला सगळ्यात जास्त खटकलं. मेसेजच्या हिशेबाने १२०/८० आणि १४८/५२ दोन्ही शंभर. पण तरुण महाधमनी, म्हणजे तीच छातीतली मोठी धमनी, ठोक्यासरशी फुगते, थोडं रक्त धरून ठेवते, मग सावकाश पुढे ढकलते. वयानुसार ती कडक झाली की वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो आणि सरासरी जवळजवळ जागच्या जागी राहते. वरचा १४० किंवा जास्त, खालचा ९० च्या आत, याला आयसोलेटेड सिस्टॉलिक हायपरटेन्शन म्हणतात, आणि पक्षाघाताचा धोका त्यातही वाढतो. आम्ही वॉर्डात सरासरीवर डोळा ठेवायचो तो दाब घसरण्याच्या भीतीने. सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला पेशंट सरासरी ६५ च्या खाली गेला की किडनीला रक्त पुरेल की नाही याची काळजी.

दंडापर्यंत निम्मं? मोठ्या धमन्या रुंद, त्यांत अडथळा नगण्य. महाधमनीपासून मनगटापर्यंत सरासरी दाब जेमतेम काही मिलिमीटर (बीपी मोजायचं पाऱ्याचं माप) उतरतो. खरी उतरण पुढे, बारीक धमनिकांत. वरचा आकडा तर दंडात उलट थोडा चढतो, तरुणांत जास्तच. म्हणून तर मनगटाच्या धमनीत घातलेल्या नळीवरून आम्ही सरासरी वाचायचो. हात मात्र हृदयाच्या पातळीला हवा. दहा सेंटीमीटर खाली लोंबला की ७-८ मिलिमीटर फुकटचे वाढतात.

संध्याकाळी काकांना घरी बसवून माझं जुनं काट्याचं मशीन लावलं. हवा हळूहळू सोडली. काटा थरथरायला लागला, थरथर वाढत ८५ च्या आसपास सगळ्यात मोठी झाली, मग मंदावली. मोठ्यात मोठी थरथर असते तिथे साधारण सरासरी दाब. ऑटोमॅटिक मशीन तीच जागा हेरतं, आणि वरचा-खालचा आकडा कंपनीच्या ठरलेल्या गणिताने काढतं. म्हणजे मेसेजवाला सरासरी काढतो ज्या आकड्यांवरून, ते आकडेच मशीनने सरासरीच्या भोवती बेतलेले.

काका काट्याकडे बघत होते. "मग डॉक्टरांना ८४ सांगू?"

"१४८ आणि ५२ दोन्ही सांगा," म्हटलं, "आणि गोळी किती दिवस सोडली होती तेही."