"बॅलट परत पाठवू नका" म्हणे!

सिएटलकडच्या आपल्या मराठी ग्रुपांवर परत एक फॉरवर्ड फिरतोय. सिएटल ज्यात येतं त्या किंग काउंटीचं इलेक्शन ऑफिस लोकल निवडणुकीची आधीपासून "सेटिंग" कशी करतं यावर, सहा मुद्दे आणि प्रत्येकापुढे लाल दिवा. एरवी मी असलं काही न वाचता डिलीट करते, पण काल मावशीचा फोन आला. बाई नुकतीच सिटिझन झालीय, पहिलंच मतदान, आणि म्हणते कशी, "बॅलटचा लखोटा बाजूला ठेवलाय गं, पोस्टातून गेलेली मतं फेकून देतात ना, त्यापेक्षा त्या दिवशी केंद्रावर जाऊनच देते."

केंद्र कुठलं, मावशी?

किंग काउंटीत २००९ पासून सगळं मतदान टपालानेच होतं. शाळेत रांग लावा, बोटाला शाई लावून घ्या, हा प्रकारच नाही इथे. मतदानाच्या निदान १८ दिवस आधी ऑफिस बॅलट, म्हणजे मतपत्रिका, घरी रवाना करतं, आपण ते भरायचं, लखोट्यावर सही करायची आणि पोस्टात (स्टँप लागत नाही) नाहीतर ड्रॉप बॉक्समध्ये (काउंटीने ठेवलेल्या मतपेटीत) टाकायचं, आणि मतदानाच्या दिवशी रात्री ८ ला बॉक्सला कुलूप लागतं की विषय संपला. मोजकी व्होट सेंटर्स असतात, पण ती ऐन वेळी नाव नोंदवणारे, बॅलट हरवलेले, अपंगत्वामुळे मशीनची मदत लागणारे अशांसाठी. म्हणजे "पाठवू नका, केंद्रावर जा" हे ऐकून जो केंद्र शोधत बसला आणि ८ वाजून गेले, त्याचं मत बुडालं, आणि ते ऑफिसने नाही, फॉरवर्ड ढकलणाऱ्याने बुडवलं. सहा मुद्द्यांत मला सगळ्यात राग याचा आलाय.

आणि फेकून देतात म्हणे! प्रत्येक लखोट्यावर त्या मतदाराचा बारकोड असतो, तो पोचला का, सही जुळली का हे घरबसल्या वेबसाइटवर दिसतं. ड्रॉप बॉक्स जाड पोलादाचे, ते रिकामे करायला एकटा माणूस कधीच जात नाही, जोडी जाते आणि सीलचे नंबर लिहून घेते. एवढ्यावरही विश्वास नसेल तर रेंटनच्या ऑफिसात जा, काचेपलीकडून सगळं काम बघत फिरता येतं. तेही नको तर वेबकॅम आहेतच.

सहीचा मुद्दा मात्र, नाइलाजाने सांगते, अर्धा खरा आहे. लखोट्यावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळली नाही तर बॅलट अडकतं, आणि २०२२ साली राज्याच्या ऑडिटरनेच दाखवलं की काळ्या मतदारांची बॅलट गोऱ्यांच्या चौपट प्रमाणात नाकारली गेली होती, तरुणांचीही जास्त. ऑडिटमध्ये मुद्दाम भेदभाव केल्याचा पुरावा सापडला नाही, तरी हे काही भूषणावह नाही. पण अडकलं म्हणजे कचऱ्यात गेलं असं नव्हे, ऑफिस पत्र पाठवतं, निकाल सर्टिफाय व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत सही दुरुस्त करता येते. आपल्याकडे लायसन्सवर इंग्रजी सही आणि लखोट्यावर झोकात मराठी, असं करणारे आहेत, त्यांनी जरा बघावं. पोस्टाचंही तेच. शेवटच्या दिवशी संध्याकाळी टाकलं आणि शिक्का दुसऱ्या दिवशीचा बसला तर मत बाद, त्यापेक्षा सरळ बॉक्स गाठा.

"मेलेली माणसं मतं टाकतात." २०१८ च्या निवडणुकीनंतर वॉशिंग्टन राज्याने इतर राज्यांशी याद्या ताडून बघितल्या, तेव्हा दोनदा मतदान आणि मेलेल्याच्या नावे मतदान अशी सगळी मिळून १४२ संशयास्पद प्रकरणं निघाली, सुमारे ३२ लाख मतांत. तेव्हाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका बघणाऱ्या अधिकारी) किम वायमन रिपब्लिकन होत्या, त्यामुळे डेमोक्रॅटांनी झाकलं हेही म्हणता येत नाही. १४२ म्हणजे शून्य नाही, मान्य, पण यावरून "लाखो भुतं" कुठून काढली?

रात्री एक पुढे आणि आठवड्याने दुसराच जिंकतो, याचं तर ग्रुपवर फार आश्चर्य. अहो, शेवटच्या दिवशी बॉक्समध्ये पडलेले ढीग पहिल्या रात्री मोजून होतच नाहीत, रोज थोडे थोडे आकडे येतात, नोव्हेंबरचा निकाल २१ दिवसांनी सर्टिफाय होतो. पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत २०१३ साली पहिल्या रात्री सात टक्क्यांनी मागे होत्या आणि शेवटी तीन हजारांवर मतांनी सिएटल कौन्सिलवर निवडून आल्या, तेव्हा हेच ग्रुप पेढे वाटत होते, सेटिंग कुणाला दिसली नव्हती. २०२५ ला केटी विल्सन सिएटलच्या महापौर म्हणून निवडून आल्या तेही असंच मागून पुढे येऊन, जेमतेम २,००० मतांनी.

मतं मोजणारी मशीन इंटरनेटला जोडलेली नसतात. निवडणुकीआधी उत्तर माहीत असलेला बॅलटचा गठ्ठा त्यांतून काढून सगळ्यांसमोर चाचणी होते, जाऊन बघा.

राहता राहिलं "ग्रीन कार्डवाले मतदान करतात." करू शकत नाहीत, बॅलटच्या लखोट्यावरच सिटिझन असल्याची शपथ आहे. उलट एच-१बी वाल्यांनो, लायसन्सच्या काउंटरवर घाईघाईत "मतदार नोंदणी" ला हो म्हणू नका, सिटिझन असल्याचा खोटा दावा पुढे इमिग्रेशनच्या फाइलीत निघाला तर वकिलालाही निस्तरता येत नाही.