आधी खुर्ची की आधी पदवी?

न्यायमूर्ती आणि राजकारणी अशा दोन्ही भूमिका केलेल्या माणसाला विद्यापीठाने मानद पदवी देणे म्हणजे निव्वळ खुशामत, असा सूर असलेला एक लेख वाचला. मला तो सरसकट पटला नाही.

एम. सी. छागला यांचेच बघा. 1947 ते 1958 मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, पुढे केंद्रात शिक्षणमंत्री, मग परराष्ट्रमंत्री. 1967 साली उच्च शिक्षणाच्या माध्यमाच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून मोकळे झाले. अशा माणसाला विद्यापीठाने मान दिला तर त्यात विद्यापीठाचीच शोभा. आमच्या गोव्यात तर क्रम उलटा दिसला: फेर्दिन रिबेलो 1977 मध्ये कुंकळ्ळीतून आमदार झाले, आणि न्यायमूर्ती नंतर. म्हणजे हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो.

माझा आक्षेप वेळेला आहे. माणूस मंत्रिपदावर असताना, किंवा त्याच विद्यापीठाचे खटले ज्या न्यायालयात चालतात तिथे तो न्यायाधीश असताना पदवी दिली, की मान कुणाला आणि मतलब कुणाचा, हे लोकांना कळते हो! पायउतार झाल्यावर पाच वर्षे थांबा, मग खुशाल द्या. तेव्हाही द्यावीशी वाटली तर.

आणि ती मिळाली म्हणून नावामागे ‘डॉ.’ लावायचे नसते, हा साधा संकेत आहे. आमचे आजोबा गावच्या वैद्यालासुद्धा ‘दोतोर’ म्हणत, पण तो निदान नाडी तरी बघायचा!

– एक वाचक, फोंडा