गव्हाण अजून रिकामी आहे

चार दिवस झाले, आमच्या आळीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नाताळगोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं, काम चालू आहे. पोरं विरार लोकलमधून लटकत येतात, दोन घास खातात की लगेच हातात बांबू, सुतळी, भाताचा पेंढा. गोणपाट मातीच्या रबड्यात बुडवून त्याचा डोंगर करतात, तो वाळला की खरंच खडकासारखा दिसतो. वसईत वाढलेल्या माणसाला हे सगळं किती जवळचं आहे ते वेगळं सांगायला नको, मलाही आहे, आणि म्हणूनच गेल्या वर्षीची रात्र अजून मनातून जात नाही.

मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे भाकर ख्रिस्ताचं शरीर म्हणून वाटतात ती चर्चमधली उपासना, चालू होती. बाहेर गोठ्यासमोर सेल्फीची रांग, स्पीकर, बाइकवर टेकलेली आपलीच पोरं, आणि आत मागची बाकं रिकामी. मला खूप वाईट वाटलं.

कारण पहिला गोठा झाला तोच मुळी मिस्सेसाठी. १२२३ साली इटलीत ग्रेच्चो नावाच्या गावी संत फ्रान्सिसनं नाताळच्या रात्री डोंगरातल्या गुहेत गवत भरलेली गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं, आजूबाजूची माणसं मशाली घेऊन आली आणि त्या गव्हाणीवरच मिस्सा झाली. फ्रान्सिसनं स्वतः शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, गायलं. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, माणसं आली ती उपासनेला.

आणि गव्हाणच का? शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं. आपण शेतकरी लोक, आपल्याला गव्हाण म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही, गुरांच्या वैरणीची जागा. बेथलेहेमचा हिब्रू अर्थ भाकरीचं घर. भाकरीच्या घरात, खाण्याच्या जागी ठेवलेलं बाळ, आणि तेच पुढे म्हणतं की घ्या, खा, हे माझं शरीर आहे. म्हणजे गोठा आणि वेदी ही एकच गोष्ट आहे हो! ख्रिसमस या शब्दातसुद्धा ख्रिस्ताची मिस्सा आहे. गोठा बघून घरी जाणं म्हणजे पान वाढलेलं बघून न जेवता उठणं.

बैल-गाढव लूकच्या गोष्टीत नाहीत, ते आले बायबलच्या जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याकडून. तो म्हणतो बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढवालाही धन्याची गव्हाण कळते, पण माझ्या लोकांना कळत नाही. आपण ती दोन जनावरं दरवर्षी पुसून-रंगवून उभी करतो आणि हे वाक्य विसरतो.

कुणी म्हणेल मिस्सा मोबाइलवर पण दिसते. जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण २०२० च्या नाताळात रात्रीची संचारबंदी होती, आम्ही घरीच मोबाइल डब्याला टेकवून मिस्सा बघितली आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी आई सवयीनं उठून उभी राहिली, हात जोडले, आणि जायला कुठे रांगच नाही. ती तशीच रडत उभी होती. तेव्हापासून शेजारच्या बाकावरच्या माणसाचा खोकलासुद्धा मला उपासनेचा भाग वाटतो. एकत्र जमणं सोडू नका असं बायबलमधल्या इब्री लोकांच्या पत्रात लिहिलंय ते उगाच नाही.

आमच्या आजीची एक पद्धत होती. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आधीचे आठवडे, लागला की ती रिकामी गव्हाण देव्हाऱ्याखाली ठेवायची आणि आम्ही एक चांगलं काम केलं की एक काडी टाकायची, भांडण मिटवलं एक काडी, आजाऱ्याला भेटलो एक काडी. बाळाला मऊ लागलं पाहिजे म्हणायची. यंदा मी माझ्या मुलीसाठी परत सुरू केलंय. काल तिनं मोजल्या, अकरा झाल्या. मग विचारलं, मम्मी तुझ्या किती? माझ्या दोन होत्या. आज संध्याकाळी मी त्या जावेकडे जाऊन आले जिच्याशी दिवाळीपासून बोलणं बंद होतं. चोवीसला रात्री आम्ही दोघी जावा बरोबर चालत चर्चला जाणार आहोत, गोठ्यातली पोरं पण वाटेत दिसतील, त्यांनाही हाक मारणार आहे.