टँकरखाली फुटलेल्या झाकणाबद्दल

नमस्कार सर,

आमच्याकडून घेतलेल्या काँक्रीटच्या झाकणांबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला आणि रविवारी सकाळी मी स्वतः सोसायटीत येऊन गेलो. तुम्ही बाहेरगावी होतात, वॉचमनकाकांनी दोन्ही चेंबर दाखवले. तुम्ही १ स्टार देऊन लिहिलंय, ‘चार महिन्यांत ड्रेनेजचं झाकण फुटलं, टँकरचं चाक आत गेलं, माल निकृष्ट आहे. व्हॉल्व्ह चेंबरचं झाकण रात्रभर खडखडतं. झाकणं इतकी जड की माणसाला उचलत नाहीत. संध्याकाळी पोरं तिथंच सायकल खेळतात.’ त्या शेवटच्या वाक्यामुळं फोनवर भागवावंसं वाटलं नाही.

फुटलेले तुकडे मी कोपऱ्यात जुळवून पाहिले. एका तुकड्यावरची माती नखानं काढल्यावर आमची अक्षरं दिसली : एलडी-२.५. म्हणजे हे झाकण २.५ टनांच्या भाराचं. काँक्रीटच्या झाकणांचं भारतीय मानक आयएस १२५९२. त्यात चार दर्जे आहेत : एलडी-२.५, एमडी-१०, एचडी-२० आणि ईएचडी-३५. आकडा टनांचा. पहिला दर्जा माणसं चालतात तिथला, बागेतल्या वाटेवरचा वगैरे. तुमचं चेंबर गेटच्या आत, बरोबर टँकरच्या वाटेवर आहे.

१०,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच १० टन. दोन आसांच्या गाडीच्या मागच्या आसाला कायद्यानं ११.५ टनांपर्यंत भार चालतो, म्हणजे एका बाजूच्या जोडचाकांवर साडेपाच टनांच्या वर. २.५ टनांच्या झाकणावरून हे रोज जात होतं. ते चार महिने टिकलं हेच जास्त. त्यामुळं माल निकृष्ट होता हे मला मान्य नाही. पण चुकीचा माल चुकीच्या जागी गेला आणि त्यात आमची चूक आहे. तुमच्या ठेकेदारानं ‘६०० बाय ६००, दोन नग, स्वस्तातलं’ एवढंच सांगितलं आणि आमच्या काउंटरवरच्या माणसानं ‘कुठं बसवणार, वरून काय जाणार?’ हे विचारलंच नाही. घेणाऱ्याला दर्जे माहीत नसतात, विकणाऱ्याला माहीत असतात. विचारणं आमचं काम होतं. त्याबद्दल मी तुमची आणि सोसायटीची माफी मागतो. आता जागा लिहिल्याशिवाय आमच्याकडं बिल निघत नाही.

खडखडाटाचं कारण झाकण नाही, चौकट आहे. पहार लावून झाकण काढलं तर चौकटीच्या एका कोपऱ्याखाली अर्धी वीट आणि बाकी तीन बाजूंना सिमेंट-वाळूचा कोरडा मसाला. बोटानं उकरला तर भुगा पडला. चौकट चारही बाजूंनी सलग मसाल्यात बसायला हवी, नाहीतर झाकण डुलतं, कडेला आपटतं आणि कितीही भारी दर्जाचं असलं तरी कधीतरी फुटतं. बसवणं आमच्याकडं नव्हतं, तरी तेही आम्ही करून देतो.

वजनाबद्दल मात्र मी मागं सरकणार नाही. झाकण जडच हवं. मोठ्या पावसात ड्रेनेज तुंबलं की खालून येणारं पाणी हलकं झाकण उचलून बाजूला टाकतं आणि वर गुडघाभर पाण्यात भोक दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत प्रभादेवीला उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. तिथं तुंबलेलं पाणी जावं म्हणून झाकण माणसांनीच काढलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक ड्रेनेजच्या गिऱ्हाइकाला झाकणाखाली लोखंडी जाळी बसवायला सांगतो. झाकण गेलं तरी माणूस खाली जात नाही. उचलायला दोन लोखंडी आकडे (हूक) आणि दोन माणसं लागतात, आकडे सोबत देतो.

मंगळवारी आमची माणसं येतील. ड्रेनेजला एचडी-२० झाकण, नवी चौकट आणि खाली जाळी, व्हॉल्व्ह चेंबरची चौकट नव्यानं बसवून. पैसे काही नाहीत. मसाला पक्का होईपर्यंत सात दिवस टँकर गेटबाहेर उभा करून पाइपनं पाणी घ्यावं लागेल, एवढं सदस्यांना सांगून ठेवा.

आणि एक गोष्ट आजच करा, हात जोडून सांगतो. त्या चेंबरवर कुणीतरी प्लायवूड टाकून वर पोतं अंथरलंय. ते काढा. उघडा खड्डा पोराला दिसतो, पोत्याखालचा दिसत नाही. चारी बाजूंनी पिंपं उभी करून दोरी बांधा, रात्री दिवा लावा. आत पडलेले तुकडे काढायला कुणालाही उतरू देऊ नका, वॉचमनकाका तयार होते, मी थांबवलं. आतल्या वायूनं माणूस क्षणात बेशुद्ध होतो. तुकडे आमची माणसं वरूनच आकड्यानं काढतील.