गाडी चमकवण्याचा नाद परवडतो, चुकीची काटकसर परवडत नाही

गेले काही दिवस एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा सारांश असा: 'कार डिटेलिंग (गाडी बारकाईने धुऊन-पुसून चमकवणं) हा पैसेवाल्यांचा नाद. पगारदार माणसाने एक तर वीस-पंचवीस हजार घालून सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसवायचा कडक पारदर्शक थर) करून मोकळं व्हावं, नाही तर कपड्यांची पावडर आणि जुना बनियन यांवर भागवावं. हेडलाइटला टूथपेस्ट, बॉडीला डिझेल, डॅशबोर्डला खोबरेल. उगाच पाण्याची नासाडी करू नये. आणि दहा वर्षांची गाडी चमकवून करायचं काय?'

माझी 2013 ची वॅगन आर आहे, तीही सेकंडहँड. घरचा हप्ता आणि मुलीची फी गेल्यावर या नादासाठी महिन्याला तीनशे रुपयांच्या वर काही उरत नाही. तरी सहा वर्षं हा नाद मी मनापासून करतोय. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवलं नाही.

आधी पावडर आणि बनियन, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण 40-50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षा कमी. गाडीची चकाकी असते ती याच थराची. कपड्यांची पावडर तेलाचे डाग काढायला बनवलेली, त्यामुळे ती गाडीवरचं वॅक्स, म्हणजे चकाकीसाठी लावलेलं मेणही धुऊन नेते. बनियनचं कापड सपाट, रेतीचा कण त्यात बुडत नाही. तो कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकतो आणि हात फिरेल तिकडे ओरखडे काढत जातो. सकाळी दहाच्या उन्हात गडद रंगाच्या गाडीच्या बॉनेटकडे तिरकं बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वलयं दिसतील. ती ऊन-पावसाने आलेली नसतात, ती आपल्या फडक्याने काढलेली असतात.

यावर उपाय दोन बादल्यांचा. दोन्ही बादल्या घरातल्याच. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी गाडीवर पाणी ओतून धूळ सैल करायची. मग शाम्पूत भिजवलेला मायक्रोफायबरचा हातमोजा टपापासून खाली फिरवायचा. दर पत्र्यानंतर तो साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच पुन्हा शाम्पूत. शेवटी त्या साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी बोटं फिरवली की रेती हाताला लागते. एरवी ती सगळी बॉनेटवर फिरली असती.

खर्च सांगतो. अर्धा लिटर कार शाम्पू मला तीनशेला पडला. एका धुण्याला दोन झाकणं लागतात, महिन्यातून दोनदा धुतलं तर बाटली आठेक महिने पुरते. हातमोजा दोनशे, चार मायक्रोफायबर फडकी चारशे, वॅक्सचा डबा साडेचारशे. एकूण साडेतेराशे, तेही मी पाच महिन्यांत थोडं थोडं करून घेतलं. फडकी मात्र वेगळी धुवायची आणि कपडे मऊ करायचं द्रव्य त्यांना लावायचं नाही, नाही तर तंतू चिकटतात आणि फडकं पाणी शोषत नाही.

आमच्या सोसायटीत एक काका रोज सकाळी पंधरा गाड्या पुसतात, एका बादलीत आणि एका फडक्यात. दोष त्यांचा नाही, त्या पैशात आणि त्या वेळात दुसरं काय होणार? मी त्यांना दोन फडकी दिली आणि म्हटलं, "काका, माझ्या गाडीला एवढं वापरा, आणि कोरडी धूळ पुसूच नका." आता ते फक्त काचा पुसतात. ते म्हणाले, "साहेब, ह्या फडक्याला पिळायला जोर लागत नाही."

आता सिरॅमिक. कोटिंग वाईट नाही. पण 'एकदा केलं की मोकळं' हे साफ खोटं आहे. जाहिरातीतला '9एच' हा कडकपणाचा आकडा पेन्सिलने ओरखडा काढून बघण्याच्या चाचणीतला आहे. त्यामुळे हायवेवरचा उडालेला खडा थांबत नाही. कोटिंगवरही धूळ बसते, तीही नीटच धुवावी लागते. पक्ष्याची विष्ठा आठवडाभर उन्हात राहिली, किंवा दसऱ्याला बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक तसंच सुकू दिलं, तर कोटिंग असूनही डाग राहू शकतो. विष्ठेवर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून ती अलगद उचलायची, याला शून्य रुपये लागतात. साध्या वॅक्सवर पाण्याचे मणी महिना-दोन महिने टिकतात. मग पुन्हा लावायचं. मला तर तो रविवार हवाच असतो.

टूथपेस्ट मी स्वतः लावून पाहिली आहे. हेडलाइट त्या दिवशी लख्ख झाला आणि पुढच्या पावसाळ्यात पहिल्यापेक्षा जास्त पिवळा पडला. काच दिसते ती खरं तर पॉलिकार्बोनेट असते. तिच्यावरचा ऊन अडवणारा थर झिजला की पिवळेपणा येतो. टूथपेस्ट वरचा पिवळा थर खरवडते, संरक्षण काही देत नाही. 1000, 2000 आणि 3000 नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून क्रमाने घासायचा, मग पॉलिश, आणि शेवटी ऊन अडवणारं कोटिंग. ही शेवटची पायरी सोडली तर सगळी मेहनत वाया. डिझेलने तेलकट थर बसून दोन दिवस चकाकी दिसते, त्यावर धूळ चिकटते आणि दारांचं रबर खराब होतं. खोबरेलाचंही तेच. डॅशबोर्डला ओलसर फडकं पुरतं.

पाण्याचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. उन्हाळ्यात टँकर येत असताना पाइप लावून गाडी धुणं चूकच. माझ्या दोन बादल्या मिळून तीस लिटर होतात, सुरुवातीच्या आणि शेवटच्या पाण्याची आणखी एक. एप्रिल-मेमध्ये मी महिन्यातून एकदाच धुतो. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून सावलीतच धुऊन लगेच कोरडं करतो, नाही तर पांढरे ठिपके उठतात.

मेसेज आणखी एका बाबतीत अर्धा बरोबर आहे. वलयं काढायची तर पॉलिशिंग मशीन लागतं आणि ते महाग आहे. आम्ही चौघांनी मिळून एक घेतलं, वर्षातून एकदा प्रत्येकाकडे जातं. नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर मशीनच्या वाटेला जायचं नाही, तिथे क्लिअर कोट फारसा उरलेला नसतो.

राहिली जुनी गाडी. नव्या गाडीपेक्षा तिलाच हाताची जास्त गरज असते. गेल्या वर्षी कोकणातून आल्यावर चाकांच्या वरच्या कमानीतला लाल चिखल काढत होतो. तेव्हा डाव्या पुढच्या दाराच्या खालच्या कडेला हरभऱ्याएवढा फुगवटा बोटाला लागला. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं चिखलाने बुजली होती आणि आत गंज धरला होता. टूथपिकने भोकं मोकळी केली, गंज पेपरने घासला, प्रायमर आणि टचअपचा रंग लावला. दोनशे सत्तर रुपयांत काम झालं. वर्षभर तसंच राहिलं असतं तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे दार सोडावं लागलं असतं. उजव्या दाराची भोकं अजून नीट तपासायची राहिलीत, या रविवारी तेच काम आहे.